चंदेरी कार्डाचं पाणी

पंपाच्या फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या जाळीच्या तोंडाला, पालापाचोळा अडकतो ना, तसे समितीचे किस्से. एक पान ओढायला जावं तर मागून पाटीभर कचरा येतो, आणि त्यात एखादी कुर्ली नांग्या उगारून बसलेली असते! गावच्या पाणी समितीत इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे असा बराच ऐवज साठलाय.

आधीच शपथ घेतो. रवळनाथाच्या पायावर हात ठेवून सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. म्हणजे दोनेक ठिकाणी मी हजर नव्हतो, पण असतो तर हेच पाहिलं असतं. आणि हातही तसा पायावर ठेवलेला नाही. देऊळ वरच्या वाडीत आणि माझा गुडघा दुखतो. गावात मला 'फटकिरो' म्हणतात, म्हणजे थापाड्या. म्हणणारे स्वतः काय आहेत ते मी सांगत नाही.

भूगोल एवढाच. वर कातळाच्या पोटातून झर फुटते. वैशाखातही आटत नाही. तिचा व्हाळ, म्हणजे ओढा, होतो, तो काजूच्या बागांतून खाली उतरतो आणि वाडीच्या माथ्यावर त्याची कोंड होते, म्हणजे माणूसभर खोल डोह. तिथून पुढे तो खाडीला मिळतो. गावाचा पंप कोंडीवर. नळाला येतं ते कोंडीचं पाणी. झरीपासून कोंडीपर्यंत पंधरा मिनिटांची उतरण. सगळा घोळ या पंधरा मिनिटांत आहे.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष आपा, निवृत्त मास्तर. सुलूवहिनी अंगणवाडीच्या, सरकारी परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी गावातली एकमेव व्यक्ती. बाबल ग्रामपंचायतीचा शिपाई. आणि मी, पांडू. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे पंप बिघडला की माझ्या नावाने बोंब.

*

सरकारी नियमाप्रमाणे गावात एक 'जलसुरक्षक' नेमायचा असतो. पाण्याचे नमुने घ्यायचे, टाकीत जंतुनाशक पावडर टाकायची, वहीत नोंद करायची, हे त्याचं काम. आपांनी बाबलचं नाव लिहिलं आणि त्याला पत्र दिलं. पत्रात काय आहे ते कोणी समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबल कोंडीवर हजर! हातात दांडा, गळ्यात शिट्टी, डोक्यावर होमगार्डमध्ये असतानाची टोपी. कोणाची म्हैस पाण्याकडे वळली की शिट्टी. कोणी बाई साबण घेऊन आली की शिट्टी. मी पंप बघायला गेलो तर मलाही शिट्टी!

"मेल्या, माका वळखूक नाय काय?"

"ड्युटीवर आसंय. नाव सांग आणि काम सांग."

चार दिवसांनी तालुक्याच्या प्रयोगशाळेतून मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "जलसुरक्षक आपणच का? काम कसं चाललंय?"

बाबलने खाडकन सलाम ठोकला. "एकदम ओके, मॅडम! चार दिवसांत एक थेंब कोणी चोरूक नाय!"

आम्ही पोट धरधरून हसलो. मग मॅडमनी त्याला त्याचं खरं काम समजावलं, आणि त्याने दांडा आणि शिट्टी घरी ठेवून दिली. आता वाटतं, त्याला दांड्यासकट कोंडीवरच राहू दिलं असतं तर बरं झालं असतं.

*

मॅडमनी छोट्या काचेच्या बाटल्या दिल्या होत्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं झालं तर दूषित. न झालं तर पास. "आणि लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "लोक जिथलं पाणी पितात, तिथलंच भरायचं."

पहिल्या नमुन्याला आम्ही चौघं निघालो. बाबल कोंडीवर वाकला, तोच आपा कडाडले, "खंय भरतंस?"

"हंयसर. मॅडमनी सांगितला..."

"बाबल्या, घरात पावणो इलो तर तेका फुटक्या कपात च्याय देतंस काय रे?"

"नाय."

"मगे? सरकार आज आमच्या पाण्याक बघूक इला हा! म्हशी डुंबतत थंयचा पाणी दाखवतलंस? चल वर!"

आणि आम्ही वर गेलो. झरीपाशी चपला काढल्या. आपांनी आधी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, मग बाबलने बाटली भरली. मी वर हाताने ऊन झाकून धरलं, कशासाठी ते मलाही माहीत नाही. बाटली दोन दिवसांनी कशी? तर काचेपेक्षा स्वच्छ!

वहीत बाबलने लिहिलं, 'ठिकाण: कोंड.' कारण पंप कोंडीवर होता, आणि मॅडमनी तसंच लिहायला शिकवलं होतं.

यात फसवण्याचा विचार कोणाच्याच मनात नव्हता, हे मी खरोखरच्या शपथेवर सांगतो. आम्ही फक्त पाहुण्याला चांगला कप दिला.

*

सुलूवहिनींना हे पटत नव्हतं. एकदा त्यांनी कोणाला न सांगता एक जादा बाटली घेतली, कोंडीवर भरली आणि घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी ती मिटिंगमध्ये आणून टेबलावर आपटली. काळी!

मग मी तोंड उघडलं. माझं तोंड अशाच वेळी उघडतं.

"वहिनी, तुमच्या फळीर बांगड्याचा तिकला होता काय? तेचो वास लागलो असतलो बाटलेक!"

हशा झाला. आपा डोळे पुसत हसले. बाबल तर खुर्चीवरून घसरला. सुलूवहिनीही हसल्या, पण उशिरा आणि थोड्याच. नंतर त्यांनी बाटली उचलली, बाहेर जाऊन माडाच्या बुंध्याशी ओतली आणि मला म्हणाल्या, "पांडग्या, तुझ्या इनोदाक चव आसा. पाण्याची मातर कोणी घेवक नाय."

मिटिंगच्या वृत्तांतात या प्रकाराची नोंद नाही. माझा विनोद मात्र गावात अजून चालतो. कोणी सांगितला की मी पंप बघायला निघून जातो.

*

जरा हलकं सांगतो. टाकीत टाकायची पावडर रोज चिमूटभर टाकायची असते. बाबल चार आठवडे विसरला आणि मॅडम उद्या येणार असं कळलं. त्याने काय करावं? महिन्याची सगळी पावडर एका दमात टाकीत ओतली!

सकाळी नळ उघडले आणि गाव पोहण्याच्या तलावासारखं घमघमलं. सोलकढीचा रंग उडाला. आपांच्या पंच्याची लाल किनार पांढरी झाली. कावळे पाणी प्यायले आणि पांढरे होऊन उडाले, लोक बगळे समजून बघत राहिले.

कावळ्यांचं खोटं आहे. एकच कावळा झाला होता.

मॅडमनी नळाचं पाणी तपासून मान डोलावली. "जंतू नाहीत."

सुलूवहिनी म्हणाल्या, "जंतू कसले, मॅडम? आज माणसा जगली ह्याच नशीब!"

*

वर्षभराचे नमुने पास झाले की गावाला सरकारचं हिरवं कार्ड मिळतं, नापास झाले की लाल, आणि सलग पाच वर्षं हिरवं मिळालं की चंदेरी. आम्हाला मिळालं! शाळेच्या पटांगणात मांडव घातला. आपांनी भाषणाची सुरुवातच केली, "आमच्या व्हाळाचं पाणी म्हणजे..." आणि पुढचं सोडून नुसता कोंडीकडे हात केला. त्या व्हाळावर त्यांचा जीव होता. लहानपणी ते त्याच कोंडीत पोहायला शिकले होते. मी तर झरीचं पाणी कॅन भरून मिठबावला बहिणीकडे घेऊन गेलो. ती म्हणाली, "दादा, आंबे हाडतलंस असा वाटला होता."

साहेब लोकांनी कार्ड दिलं, टाळ्या झाल्या. पाहुण्यांना तहान लागली. टेबलावर पांढरं कापड घातलेलं आणि त्यावर ओळीने सीलबंद बाटल्या, कुडाळहून मागवलेल्या!

सुलूवहिनी माझ्या कानाशी लागल्या. "चंदेरी कार्ड आमका, आणि पाणी तेंका कुडाळचा?"

मी म्हटलं, "गप बसा, वहिनी. फोटो काढतत."

त्या फोटोत आम्ही चौघं कार्ड धरून उभे आहोत, आणि आमच्या पुढ्यात तीन बाटल्या. झाकणं निळी.

*

मग रिसॉर्ट आलं. झर आणि कोंड यांच्या बरोबर मधोमध. मालकाला आम्ही कधी पाहिलं नाही. मॅनेजर मात्र गोड माणूस, आल्याआल्या आपांच्या पाया पडला. म्हणाला, "तुमच्या कार्डाची एक प्रत मिळेल का? आमच्या गेस्टना दाखवायला."

आपांनी प्रत दिली, आणि वर सही केली! ती रिसेप्शनला फ्रेम करून लागली. खाली अक्षरं, 'येथील झऱ्याचे पाणी शासनप्रमाणित.' आम्ही मुद्दाम ती बघायला गेलो. थंडगार कोकम सरबत मिळालं. निघताना बाबल म्हणाला, "माणसा बरी आसत."

पुढच्या हंगामात फूटव्हॉल्व्ह साफ करायला मी कोंडीत उतरलो. पालापाचोळा नव्हता. केसांचा गुंता, शाम्पूच्या पुड्या आणि हाताला बुळबुळीत लागणारं काहीतरी. कोंडीच्या कडेला पांढरा फेस साचला होता. आधी पाण्यात पाय सोडले की काडीएवढे मासे तळव्यांना गुदगुल्या करायचे. मी बराच वेळ पाय सोडून बसलो. एकही आला नाही.

वर चढून बघितलं तर पालापाचोळ्याखालून एक जाड पाइप येऊन व्हाळात उतरत होता. रिसॉर्टच्या संडास-बाथरूमचा.

त्या महिन्यातही बाबलने नमुना झरीवर भरला. सवय! बाटली स्वच्छ.

*

बाबललाच कावीळ झाली. त्याच्या वाडीत आणखी चारपाच जणांना. तो इतका पिवळा पडला की बायको म्हणाली, चादर कुठे संपते आणि नवरा कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

बाबल उठून बसायला लागला. सलाइन ओढली गेली, नर्स ओरडली. तरी छाती फुगवून म्हणाला, "डॉक्टरानू, चंदेरी कार्डाचा!"

मी बाजूलाच उभा होतो. डॉक्टर हसले. मी पण हसलो असतो, पण बाबल गंमत करत नव्हता.

*

तो बरा झाल्यावर आम्ही तक्रार पाठवली, आणि बोलावणं आलं तसे चौघं तालुक्याला गेलो. मॅडम त्याच. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, मग आमची फाइल उघडली आणि आमच्याकडे फिरवली.

"हे बघा. कोंड, शुद्ध. कोंड, शुद्ध. कोंड, शुद्ध. गेल्या महिन्यापर्यंत. आणि हे रिसॉर्टचं उत्तर. त्यांनी लिहिलंय, आमचं सांडपाणी मिसळत असतं तर कोंडीचे नमुने शुद्ध आलेच नसते. पुरावा म्हणून तुमचंच कार्ड जोडलंय. अध्यक्षांच्या सहीचं."

आपा खाली बघत होते. सुलूवहिनींनी काय ते सांगून टाकलं. झर, कोंड, फुटका कप, सगळं. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं.

"अहो, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"होय, मॅडम," आपा म्हणाले. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा दिसत होता.

मॅडम म्हणाल्या, त्या स्वतः येऊन गावासमोर कोंडीचा नमुना घेतील. रिसॉर्टलाही रीतसर कळवावं लागेल. नमुना दूषित आला तर कारवाई सुरू होईल. पण शुद्ध आला तर जुन्या सगळ्या नोंदींवर शिक्कामोर्तब होईल आणि तक्रार बंद.

मग बाबलने हात वर केला.

"मॅडम, पास होवूचा आमका येता. नापास होवूक काय करूचा लागता?"

*

शेवटचा किस्सा त्या नमुन्याच्या दिवसाचा. निकाल आधीच सांगतो, तुमचा जीव टांगणीला नको. बाटली काळी झाली. गावाला लाल कार्ड मिळालं, रिसॉर्टला नोटीस गेली, त्यावर त्यांचा वकील उभा आहे. कोंडीवरचा पंप बंद आहे आणि गावात टँकर येतो. पण किस्सा तो नव्हे.

तारीख कळल्यावर रिसॉर्टने आठवडाभर 'दुरुस्तीसाठी बंद'ची पाटी लावली. पाइप कोरडा! आठ दिवस झरीचं पाणी मोकळं वाहत राहिलं. नमुन्याच्या सकाळी सगळा गाव कोंडीवर जमला तेव्हा फेस गेलेला होता. वास नव्हता. तळातला गोटा न्‌ गोटा मोजता येत होता. कित्येक महिन्यांत कोंड इतकी सुंदर दिसली नव्हती, आणि नेमकं तेच आम्हाला नको होतं.

सुलूवहिनी काठावर बसून पाण्यात बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "पांडग्या, मासो!" आणि तोंडावर पदर घेतला. मी बघितलं. काडीएवढा एक, उन्हात चमकत होता. एरवी आम्ही टाळ्या पिटल्या असत्या.

"आज खंयसून इलो मेलो," बाबल पुटपुटला.

आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. मानकऱ्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणून दुजोरा द्यायचा. घर बांधताना, होडी लोटताना, मुलगा परीक्षेला बसताना. मान आपांच्या घराण्याचा. मॅडम बाटली हातात घेऊन बाजूला थांबल्या. आपांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां ह्या कोंडीकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी तुझी झर पुढे केलाव आणि कोंड झाकून ठेवलाव. ता चुकला. पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आपा थांबले. त्यांनी नारळ पुन्हा सरळ करून ठेवला. मग त्यांनी डोळे मिटले.

"तेवा आज, देवा म्हाराजा, ह्या बाटलेत जा काय पाणी जातला... ता तू घाण कर. आमचा पाणी नापास होवंदे, रे म्हाराजा!"

आणि कोणी काही बोललं नाही. सगळा गाव उभा, माना खाली. कोणाच्या तोंडून 'व्हय' निघेना. व्हाळाच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मॅडमनी सुद्धा मान फिरवली. शेवटी आपांनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, "भरा, मॅडम." त्यांनी बाटली भरली.

हा किस्सा मी आजवर पुष्कळ ठिकाणी असाच सांगितलाय. ऐकणारे गप्प होतात, एखादा डोळे पुसतो. आपाही परवा म्हणाले, "बरो सांगतंस रे."

पण सुरुवातीला शपथ घेतलीय, तेव्हा सांगून टाकतो. मी रचलेला भाग एवढाच: कोणी काही बोललं नाही, तो.

सगळे म्हणाले. "व्हय म्हाराजा!" एका सुरात, कातळावरून आवाज परत येईल इतक्या जोरात. सुलूवहिनी म्हणाल्या, बाबल म्हणाला. आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.